आधी आपला माळा, मग सासूबाईंचा

गेल्या अंकात अडगळीबद्दल लिहिताना मी म्हटलं होतं की दुसऱ्याच्या कपाटाला त्याच्या माघारी हात लावू नये. त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्यांचा सूर ‘मग आम्ही करायचं तरी काय?’ असा आहे, आणि उरलेल्यांचा ‘तुम्हाला आमच्या घरची माणसं माहीत नाहीत’ असा. माहीत नाहीत हे खरं. पण सांगलीत कॉलेजच्या ग्रंथालयात होते तेव्हा पुस्तकं बाद करणं हा माझ्या कामाचाच भाग होता, आणि निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतली बरीच घरं आवरून दिली. ग्रंथालयात एक फाटकं पुस्तक काढायचं तरी यादी, समिती, सह्या आणि नोंदवहीत लाल शाईचा शेरा एवढं सगळं लागतं. घरात यातलं काहीच नसतं. तिथे एक जण ठरवतो, दुसरा गप्प बसतो आणि तिसरा दहा वर्षांनी विचारतो, “आपला तो मोठा पाट कुठे गेला हो?”

प्रश्न : आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. तीन महिन्यांत जागा रिकामी करून द्यायची आणि नवं घर मिळेपर्यंत भाड्याच्या वन बीएचकेत राहायचं. माळ्यावर सासूबाईंची तांब्यापितळेची भांडी आहेत : बंब, दोन घंगाळी, पिंप, परात, तपेली, कासंडी आणि आणखी काय काय. वीस वर्षांत कुणी वापरलेली नाहीत. विषय काढला की म्हणतात, “मी गेल्यावर काय ते करा.” पुढच्या आठवड्यात त्या नणंदेकडे जाणार आहेत. तेवढ्यात भंगारवाल्याला बोलवून घ्यावं का?
(एक सून, मुलुंड)

उत्तर : मुळीच नाही. माळा रिकामा होईल, पण पुढची वीस वर्षं घरात काहीही सापडेनासं झालं, अगदी खिसणी जरी, तरी “दिली असेल भंगारात” हे ऐकून घ्यावं लागेल. आणि ते खोटं असलं तरी तुम्हाला तोंड वर करून बोलता येणार नाही.

त्या नणंदेकडे जायच्या आधीची एक दुपार ठरवा. नवऱ्याला रजा टाकायला लावा. शिडीवर चढून भांडी उतरवायचं काम त्याचं, कारण आई त्याची आहे. हॉलमध्ये जुनी चादर अंथरून सगळं मांडा आणि चिंच-मीठ लावून एकेकाचा काठ घासायला घ्या. नावं दिसू लागतील. आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर नाव घालायची पद्धत होती. ठिपक्याठिपक्यांनी ठोकून काढलेली ती अक्षरं : ‘चि. सौ. कां. हिस मामाकडून’, खाली तारीख. कुठे डोहाळजेवणाचं, कुठे कुणाच्या स्मरणार्थ दिलेलं. मिरजेत एका घरी मला तपेलीवर नावाखाली ‘उसने, परत करणे’ असं कोरलेलं दिसलं. ती परत गेली नव्हती हे उघडच आहे.

काठ उजळला की सासूबाई बोलू लागतात. बोलू द्या. मुलांपैकी कुणाला तरी वही घेऊन शेजारी बसवा : भांडं, कुणाकडून आलं, कधी. त्यांना ‘हे ठेवायचं का?’ असं विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे. ‘हे कुणाला द्यायचं?’ असं विचारा. मामाने दिलेली परात मामाच्या नातीला, पिंप गावाकडच्या देवळाला, कासंडी नणंदेला. नाशिकची असो नाहीतर नागपूरची, नणंद त्याच आठवड्यात भेटणार आहे, तर तिचं भांडं त्यांच्याच हातून जाऊ दे. ‘मी गेल्यावर काय ते करा’ म्हणणाऱ्या बाईला आपण असताना दिलेलं भांडं दुसरीने हातात घेतलेलं बघायला मिळतं, ही गोष्ट लहान नाही.

मग टेप घेऊन भाड्याच्या घराचा माळा मोजा. माळा असेल तर. त्यात मावेल एवढं त्यांनी निवडायचं, तुम्ही नाही. दोन पातेली मात्र कल्हई लावून रोजच्या वापरात घ्या. कल्हई उडालेल्या पितळेत आमटी किंवा ताक कळकतं, म्हणून लोकांनी ही भांडी माळ्यावर टाकली; भांड्यांचा दोष काही नव्हता. भट्टी, नवसागर, कथील आणि कापसाचा बोळा एवढ्यावर चालणारं ते काम आहे. कल्हईवाला आता दारावर हाक देत येत नाही, पण भांड्यांच्या जुन्या दुकानात विचारलं की पत्ता मिळतो.

जे कुणालाच नको ते विका, पण डोळे उघडे ठेवून. तांब्याचा भाव पितळेपेक्षा जास्त, म्हणून दोन्ही वेगवेगळं तोलून घ्या. एकत्र टाकलं की सगळंच पितळ होतं. काशाच्या वाट्या त्याच ढिगात गेल्या नाहीत ना ते बघा. कासं म्हणजे तांबं आणि कथील. टिचकी मारली की नाद लांबत जातो, पितळेचा लगेच बसतो. एक काशाची वाटी ठेवाच, उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून घासायला. बंब आणि मोठं घंगाळ मोडीच्या भावात देऊ नका. हॉटेलवाले आणि शोभेच्या वस्तू विकणारे ती अख्खी घेतात, आणि हे भंगारवाल्याला तुमच्याआधी माहीत असतं. मुंबईत पायधुणीच्या तांबाकाट्यावर, पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत एक फेरी मारून भाव विचारा, मग ठरवा.

आणि एक विचारू का? तुमच्या पत्रात ज्यूसर नाही, सँडविच टोस्टर नाही, दोनदा वापरून पलंगाखाली गेलेला फूड प्रोसेसर नाही, दिवाळीत आलेले काचेचे सेट नाहीत. त्या दुपारी चादरीवर पहिल्यांदा ते मांडा, सासूबाईंच्या डोळ्यांदेखत. तुम्ही तुमच्यातलं काय काढता हे बघितल्याशिवाय त्या त्यांच्यातलं काही काढणार नाहीत, आणि मला यात त्यांचं काही चुकतं असं वाटत नाही.

प्रश्न : मिस्टरांनी बेडचा अख्खा कप्पा जुने चार्जर, वायरी, बंद पडलेले मोबाइल आणि मोबाइलच्या रिकाम्या खोक्यांनी भरून ठेवलाय. “लागतं कधीतरी,” हे कायमचं उत्तर.
(चिंचवड)

उत्तर : लागतंही. म्हणून त्यांना एक ड्रॉवर द्या. एकच, पण पूर्ण त्यांचा, आणि तुम्ही त्यात डोकवायचं नाही. त्यात काय राहील ते त्यांनी ठरवावं. बाकीचं सगळं ई-कचरा. तो ओल्यातही जात नाही, सुक्यातही नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि त्यात जुन्या उपकरणांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी ती बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली आहे, तेव्हा नोंदणी असलेल्या संकलन केंद्रातच द्या. वायरी भंगारात नकोत. आतलं तांबं मिळवायला वरचं प्लास्टिक बऱ्याचदा उघड्यावर जाळतात. मोबाइलची बॅटरी फुगलेली दिसली तर दाबून, टोचून बघायची नाही, वेगळी ठेवायची आणि पहिल्यांदा तीच द्यायची. चालू होणाऱ्या फोनमधले फोटो उतरवून तो पुसून घ्या, सिम काढा. खोकी वॉरंटी संपेपर्यंत. नंतर रद्दी.

प्रश्न : बाबांच्या मागोमाग आईही गेल्या वर्षी गेली. कोथरूडचा फ्लॅट विकायचा आहे. मला न्यू जर्सीहून दोनच आठवड्यांसाठी येता येईल. घर रिकामं करून देणारी माणसं मिळतात असं कळलं. सगळं त्यांच्या हवाली करण्याआधी नेमकं काय बघून घ्यायला हवं? बहीण इचलकरंजीत असते.
(न्यू जर्सी)

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट शेवटच्या तीन शब्दांत आहे. बहिणीला हे सगळं माहीत आहे का? मृत्युपत्र नसेल तर ती तुमच्याइतकीच वारस आहे आणि तिच्या सहीशिवाय विक्री होणार नाही. पण सही हा वकिलाचा विषय. मला म्हणायचंय ते वेगळं : आईच्या कपाटात काय कुठे असायचं ते तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार. पहिले तीन-चार दिवस दोघं मिळून त्या घरात राहा. घर रिकामं करणारी माणसं त्यानंतर.

त्या दिवसांत भांडी, कपडे, फर्निचर यांच्याकडे बघूसुद्धा नका. फक्त कागद. हे मी सांगलीकर म्हणून सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ते ओसरलं तेव्हा गावभागात रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाद्या, सोफे, फुगलेली प्लायवूडची कपाटं यांचे ढीग लागले होते. माणसं चिखल उपसून शोधत होती ते खरेदीखत, शाळा सोडल्याचा दाखला, पासबुक आणि लग्नाचा अल्बम. डिनर सेट शोधताना मला कुणी दिसलं नाही.

तर कागद. थोडे लॉकरमध्ये असतील. बाकीचे गादीखाली, देव्हाऱ्याच्या खणात, साड्यांच्या घड्यांत, तांदळाच्या डब्याच्या बुडाशी आणि जुन्या कालनिर्णयच्या पानांमागे. कॅलेंडरं घाईने रद्दीत घालू नका. दुधाच्या खाड्यांच्या शेजारीच ठेवीची मुदत कधी संपते ते लिहून ठेवणारी ती पिढी. ‘महत्त्वाचे’ असं लिहिलेली फाइल जरूर उघडा, पण तिच्यात बहुधा १९९१ ची विजेची बिलं निघतील. खरेदीखत ‘किरकोळ’मध्ये असतं.

फ्लॅटचं खरेदीखत, इंडेक्स टू (म्हणजे त्या खताच्या सरकारी नोंदणीचा उतारा), सोसायटीचा भागदाखला, दोघांच्या मृत्यूचे दाखले, विम्याच्या पॉलिसी, टपालखात्याची प्रमाणपत्रं, ठेवींच्या पावत्या, पासबुकं यांची एक बॅग करा आणि ती घरात ठेवू नका, रोज संध्याकाळी आपल्याबरोबर न्या. कागदी शेअर निघाले तर ‘आता याला कोण विचारतो’ म्हणून फाडू नका. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत एवढंच. वारस म्हणून ते तुमच्या नावावर चढू शकतात. सात वर्षं लागोपाठ लाभांश कुणी उचलला नसेल तर तो आणि शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात, पण तिथूनही वारसाला मागता येतात. बँकेतल्या ठेवीला दहा वर्षं कुणी हात लावला नाही तर ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. तीसुद्धा बुडत नाही. कोणत्या बँकेत कुणाच्या नावावर काय पडून आहे हे शोधायला रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ नावाचं पोर्टल २०२३ पासून आहे. आईबाबांची नावं जितक्या प्रकारे लिहिली जायची तितक्या प्रकारे टाकून बघा. आईचं माहेरचं नावही.

साड्या झटकताना नोटा पडतील. पाचशे-हजाराच्या जुन्या, २०१६ ला बाद झालेल्या असतील तर त्यांचं काही होणार नाही. उलट २०१७ च्या कायद्याने तसल्या दहापेक्षा जास्त नोटा बाळगणं हाच गुन्हा आहे, तेव्हा आईची आठवण म्हणून गठ्ठा बरोबर नेऊ नका. दोन हजारांच्या निघाल्या तर त्या चलनातून काढल्या असल्या तरी वैध आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत घेतात. आपल्याकडे ती मुंबई, बेलापूर आणि नागपूरला आहेत.

घराण्याच्या जुन्या दप्तरात मोडीतले कागद आढळले तर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात घेऊन जा, कोथरूडहून फार लांब नाही. फोटो घेऊन घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याकडे किंवा मावशीकडे जा, कारण तिच्यानंतर त्या फोटोंतली माणसं कुणालाच ओळखता येणार नाहीत. नावं मागच्या बाजूला पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहायची. बॉलपेनचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो.

एवढं झालं की बोलवा त्या माणसांना. अमेरिकेला काय न्यावं असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते : आईचं पोळपाट-लाटणं न्या. बाकी बहिणीशी बोलून.

प्रश्न : आई काचेच्या रिकाम्या बाटल्या, मिठाईचे डबे आणि कॅरीबॅगांनी भरलेली कॅरीबॅग सोडायला तयार नाही. तिच्या वाढदिवसाला तिचं स्वयंपाकघर आवरून द्यायचा माझा विचार आहे. मी स्वतः अगदी मोजक्या सामानात राहतो.
(वय २६, पुणे)

उत्तर : तिला साडी घ्या.

तुम्ही मोजक्या सामानात राहता, कारण लोणचं, पापड, हळद-तिखट, जास्तीची उशी आणि तुमचे दहावीपासूनचे दाखले तिच्याकडे आहेत. बाटल्यांचं विचाराल तर मे महिन्यात कैरीचं लोणचं घातलं की त्यांतली एक तुमच्या डब्याबरोबर पुण्यातच येते. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर त्या कॅरीबॅगा तर वारसाहक्काची मालमत्ता झाल्यात. खरोखर काही करायचं असेल तर तुमच्या जुन्या खोलीतला क्रिकेटचा किट आणि इंजिनीअरिंगच्या जर्नल्स हलवा. त्यांच्यामुळेच तिला बाटल्या ओट्याखाली ठेवाव्या लागतात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. दीड हजाराच्या आसपास पुस्तकं आहेत. मुलांना नकोत. एका वाचनालयाला देऊ केली तर “जागा नाही” असं उत्तर मिळालं. आयुष्यभर जमवलेलं फुकट देतोय तरी नको, हा अपमानच नाही का?
(नाशिक)

उत्तर : गुरुजी, टेबलाच्या त्या बाजूला मी बसलेली आहे, म्हणून त्यांची बाजू आधी. दान आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद होते, त्याला क्रमांक पडतो, शिक्का, चिठ्ठी, कपाटात जागा. पुस्तक फुकट आलं तरी हे फुकट होत नाही. आणि पोत्यांतून येतं काय? जुन्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, गाइडं, कोऱ्या डायऱ्या, २००४ सालचं ‘संगणक शिका’. एकदा एका पोत्यात आम्हाला टेलिफोन डिरेक्टरी मिळाली होती. ‘जागा नाही’ हे त्या पोत्यांना दिलेलं उत्तर असतं, तुम्हाला नाही.

म्हणून पोती नकोत, यादी पाठवा. नाव, लेखक, साल, प्रकाशक. दीड हजारांची यादी म्हणजे महिनाभराची बैठक आहे, पण तुम्ही गठ्ठेच्या गठ्ठे पेपर तपासलेले आहेत, हे जमेल. यादी करताना पुस्तक हातात येतं आणि निम्मे निर्णय तिथेच होऊन जातात. पान उलटताना कसर दिसली, कणीसारखी भुकटी पडली किंवा वाळवीची माती लागलेली आढळली तर ते पुस्तक त्याच क्षणी वेगळं काढा, चांगल्याला चिकटून ठेवू नका. असं एक पुस्तक अख्ख्या कपाटाला लागण लावतं, आणि वाचनालयवाले सगळ्यात जास्त त्यालाच भितात.

आता यादीत कशावर खूण करायची ते सांगते, कारण इथे लोकांचा अंदाज नेमका उलटा असतो. सोनेरी अक्षरांचे जाडजूड ग्रंथ दुर्मीळ वाटतात, पण ते हजारो घरांत आहेत. दुर्मीळ असतं ते बारकं, पिन मारलेलं, किंमत न छापलेलं : शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, एखाद्या घराण्याचा कुलवृत्तान्त, सहकारी संस्थेचा अहवाल, गावाच्या देवस्थानाची माहितीपुस्तिका, एकदोन अंक निघून बंद पडलेलं नियतकालिक. यांच्या प्रती मुळातच कमी निघाल्या, दुकानात कधी गेल्याच नाहीत, आणि घर आवरताना सगळ्यात आधी रद्दीत हेच जातं. शिक्षकाच्या घरी तर हे हमखास असणार. ती वेगळी यादी करा आणि जुना संग्रह सांभाळणाऱ्या संस्थेला पाठवा. तुमच्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, तिथूनच सुरुवात करा.

कथा-कादंबऱ्या आणि मुलांची पुस्तकं शहराबाहेर न्या. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली आपल्याकडे अ, ब, क, ड अशा वर्गांची वाचनालयं आहेत. शहरातल्या अ वर्गाच्या कपाटात तुमच्या कादंबऱ्यांच्या दोन-दोन प्रती असतील. तालुक्यातल्या एखाद्या ड वर्गाच्या वाचनालयाकडे त्यांतली एकही नसेल. तुमचा एखादा विद्यार्थी खेड्यावरच्या शाळेत शिक्षक असेलच, त्याला यादी दाखवा.

विद्यार्थ्यांनी ‘सरांना सप्रेम’ लिहून दिलेली पुस्तकं द्यायची झाली तर ते पान फाडू नका. लोक संकोचून फाडतात. पण पुस्तक कुठून कुठे गेलं ते त्या एका पानावरून कळतं. तुमच्यासाठी काय ठेवायचं? शब्दकोश, पुन्हा वाचणार ती, आणि ज्यांच्या समासात तुमच्या हस्ताक्षरात भांडण चाललंय ती सगळी.

प्रश्न : यजमान जाऊन आठ महिने झाले. त्यांचे शर्ट कपाटात तसेच आहेत. सगळे म्हणतात वर्षश्राद्धाच्या आत देऊन टाकावेत, घरात ठेवू नयेत. माझा हात होत नाही.
(कराड)

उत्तर : वर्षाच्या आत दिले नाहीत तर नेमकं कुणाचं काय अडतं, ते सांगणाऱ्यांना विचारा. कपाट तुमच्या घरात आहे.

शर्ट राहू द्यात. त्यांचा वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी असं काही असेल तर ते मात्र आधी द्या. पडून राहिलं की रबर चिरतं, आणि ज्याला हवं असतं त्याला आज हवं असतं. आपल्याकडे गावोगाव संस्था आणि गणेश मंडळं रुग्णसाहित्य अनामत घेऊन वापरायला देतात, कराडातही चौकशी केलीत तर कळेल. औषधं कुणाला देऊ नका. ‘त्यांनाही बीपीच होतं’ म्हणून शेजारी मागतील, तरी नको.

शर्टांची वेळ येईल तेव्हा आधी खिसे बघा. एका बाईंना खिशात सुपारीचं खांड आणि एसटीचं तिकीट मिळालं होतं. त्यांनी शर्ट दिला आणि तिकीट ठेवलं. कुणाला द्यायचे ते ठरवताना एक विचार करा : तो चौकड्यांचा शर्ट समोरून रस्त्याने चालत आलेला तुम्हाला बघवेल का? काहींना बरं वाटतं, काही जणी आठवडाभर जेवत नाहीत. बघवणार नसेल तर दुसऱ्या गावी द्या. भांड्यांच्या बदल्यात कपडे नेणारी बोहारीण तुमच्याकडे अजून येत असली तरी हे कपडे तिच्यापुढे टाकू नका. ती वाईट नसते, तिचा धंदाच उलटसुलट करून, कॉलर बघून, नावं ठेवून भाव पाडायचा आहे. त्यांच्या शर्टाची कॉलर विटली आहे हे तुम्हाला ऐकवणार नाही.

सुती शर्ट, त्यांचं धोतर किंवा लुंगी असेल तर, आणि तुमच्या दोन मऊ झालेल्या सुती साड्या मिळून गोधडी छान होते. टेरिकॉटचे यात घालू नका, सुई नीट चालत नाही आणि ऊबही धरत नाहीत. शिवून देणाऱ्या बायका अजून आहेत. उन्हाळ्यात सांगितलं तर थंडीपर्यंत मिळते. हेही करायचंच असं नाही.

प्रश्न : देवांच्या जुन्या तसबिरी, झिजलेले टाक आणि लग्नपत्रिकांवरचे गणपती. टाकवत नाहीत, ठेवायला जागा नाही.
(अनेक जण, त्यामुळे एकत्रच)

उत्तर : नदीवर नेऊ नका. आमच्या घाटावर पिंपळाखाली लोक तसबिरी ठेवून नमस्कार करून जातात. पाणी चढलं की ते सगळं खाली नृसिंहवाडीकडे वाहत जातं, म्हणजे एका देवाच्या दारात दुसऱ्याच्या फुटक्या काचा. घरीच नमस्कार करून तसबीर पालथी घाला, मागचे खिळे काढा. काच, चौकट आणि पुठ्ठा वेगळा करा. चौकट चांगली असेल तर नातवंडांचा फोटो लावा. कागदावरचं चित्र बादलीत दोन दिवस भिजवलं की त्याचा लगदा होतो, तो तुळस सोडून कुठल्याही कुंडीत मातीत मिसळतो. प्लास्टिकचा थर दिलेली चित्रं भिजत नाहीत, ती कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यावी लागतात. ज्यांना तेही पटत नाही त्यांनी निदान पुढच्या वेळी तसलं चित्र घेऊ नये.

टाक सोनाराकडे न्या. झिजलेले आटवून त्यातच थोडी चांदी घालून नवे करून घेतात, ही जुनी रीत आहे. आपल्या डोळ्यांसमोर वजन करून घ्या, देव असला तरी.

लग्नपत्रिकांचं मी काय करते ते सांगते : मागची कोरी बाजू किराणाच्या यादीला वापरते, आणि यादी संपली की गणपतीसकट भिजत घालते. नव्या कमी याव्यात असं वाटत असेल तर भाच्यांना सांगा, आमंत्रण व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणून. ते तसंही तेच करणार आहेत, पण तुम्ही सांगितलंत की तुमच्या बहिणीला राग येणार नाही.